पैठणच्या दोन गोष्टी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना मराठी शिकवले. त्यापलीकडे माझ्यापाशी सांगण्यासारखे फारसे काही नाही. परंतु त्या शिकवण्याच्या आरंभीच एक प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी जुन्या इतिहासात शिरले. ती हकीकत भगिनींना आवडेल असे वाटते.

नोकरीचे तिसरे वर्ष होते. चौथीच्या वर्गात मी विक्रम-वेताळाची गोष्ट सांगत होते. मुले श्वास रोखून ऐकत होती. नेमक्या त्याच वेळी शाळातपासणीस आलेले साहेब दारात उभे राहिले. तास संपल्यावर त्यांनी मला बोलावून घेतले, आणि भाषेच्या तासाला भुताखेतांच्या व जादूच्या गोष्टी सांगू नयेत, त्याने मुले भोळसट होतात, असा शेरा वहीत लिहिला. मला वाईट वाटले. पण त्याहून अधिक मी विचारात पडले. साहेबांचे म्हणणे खोडून काढण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पुढे वाचनालयातून 'कथासरित्सागरा'चे भाषांतर आणून वाचू लागले, तेव्हा मला दोन गोष्टी सापडल्या. दोन्ही आपल्या पैठणच्या.

पहिली सातवाहन राजाची. राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने थकलेली एक राणी संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः' मारू नका. तिचा अर्थ 'मा उदकैः', म्हणजे पाण्याने नको. दोन शब्द जुळून 'मोदकैः' झाले होते. राजाला संधी ठाऊक नव्हता. त्याने चटकन मोदकांची ताटे मागवली! राणी हसली. पाण्यात मोदकांचे काय काम, एवढेही कळू नये का, असे तिने सर्वांसमक्ष विचारले. राजा इतका खजील झाला की त्याने खाणेपिणे व बोलणे सोडले.

मग दरबारातल्या गुणाढ्य पंडिताने सांगितले, व्याकरणाला एरवी बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पैज लावली, की असे झाले तर संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्ही मी सोडीन. शर्ववर्म्याने कार्तिकस्वामीला प्रसन्न करून घेतले, एक सुटसुटीत व्याकरण मिळवले आणि राजाला शिकवले. गुणाढ्य हरला. तो अरण्यात निघून गेला आणि पिशाचांची म्हणून मानलेली पैशाची भाषा शिकून तिच्यात त्याने स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. राजाने ती नाकारली, तेव्हा एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत तो ती अग्नीत टाकू लागला. राजा धावत आला तोवर एक लक्ष श्लोक तेवढे उरले होते.

हे सारे आख्यान आहे, इतिहास नव्हे. पण 'कातंत्र' नावाचे शर्ववर्म्याचे व्याकरण खरेच आहे. पाणिनीची अवघड वाट टाळून नवशिक्यांसाठी रचलेले हे पुस्तक बंगाल, काश्मीर आणि पार तिबेटपर्यंत गेले. 'बृहत्कथा' मूळ रूपात उरली नाही. तिचे सार अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मीरच्या राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी 'कथासरित्सागरा'त आणले. सोपे व्याकरण आणि कथांचा सागर, या दोहोंची उगमकथा एकच. आणि तिच्या मुळाशी एका बाईने पुरुषाची भाषेतली चूक दाखवून दिली, ही गोष्ट आहे. आपण मोदक वळताना हे आठवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट वेताळाची. आपण विक्रमाला उज्जयिनीचा म्हणतो. परंतु सोमदेवाच्या ग्रंथात तो त्रिविक्रमसेन नावाचा, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचाच राजा आहे. एक भिक्षू रोज दरबारात येऊन त्याला एक फळ देतो. राजा ते कोठाराकडे पाठवतो. एके दिवशी माकडाने फळ फोडले तेव्हा आतून रत्न निघाले. त्या उपकारात गुंतलेला राजा भिक्षूसाठी स्मशानातून प्रेत आणायला जातो. प्रेतात वेताळ असतो. तो वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प बसला तर त्याचे मस्तक फुटेल, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाईल.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर राजाला सुचत नाही. वेताळ प्रसन्न होतो आणि सावध करतो, की हा भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण, 'मला येत नाही, आधी आपण करून दाखवा.' राजा तसेच करतो आणि वाचतो.

आता पाहा, या गोष्टीत जादू आहे खरी. पण गोष्ट जादूगारावर विश्वास ठेवायला शिकवते का? भिक्षू साधू दिसतो, पण असतो घातकी. वेताळ भयंकर दिसतो, पण असतो हितकर्ता. फळ दिसते, रत्न असते. राजाला वाचवणारा मंत्र म्हणजे एक साधे, नेमके वाक्य आहे.

अशा गोष्टींनी मराठी शिकवण्याचा प्रघातही जुना आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनी सरकारच्या इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी शिकवण्यासाठी जी पुस्तके झाली, त्यांत वैजनाथ पंडिताची 'सिंहासन बत्तिशी' होती. ती १८१४ साली श्रीरामपूरच्या मिशनच्या छापखान्यात छापली गेली. सिंहासनावरच्या पुतळ्या बोलतात, ही अद्भुत कथा वाचीत साहेबलोक आपली भाषा शिकत होते! पुढे मुंबईत शाळांसाठी मराठी पुस्तके तयार होऊ लागली, तेव्हा सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली 'बाळमित्र' व 'इसपनीतिकथा' आणि १८३० साली 'वेताळपंचविशी' मराठीत आणली.

साहेबांची शंका मात्र त्यांची एकट्याची नव्हती. मादाम मॉन्टेसरी यांनाही लहान वयात परीकथा नको वाटत. मुलाचे पाय आधी खऱ्या जगात रोवले जावेत, असे त्यांचे मत होते. त्यांचेच तत्त्व मानणारे भावनगरचे गिजुभाई बधेका मात्र गोष्टीचे कैवारी होते. त्यांनी कथाकथनाच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचे केवढे कार्य उभे केले, हे भगिनींना सांगायला नको.

या सगळ्यातून मला माझी वाट सापडली. मी गोष्ट सोडली नाही. पण ती सांगून थांबणेही सोडले. फळ्यावर तीन रकाने आखू लागले: 'दिसले', 'वाटले', 'होते'. मुले गोष्टीतली एकेक वस्तू घेऊन तिन्ही रकान्यांत वाक्ये लिहीत. 'राजाला फळ दिसले. त्याला ते साधे वाटले. आत रत्न होते.' तीन क्रियापदे, तीन वेगळे अर्थ; व्याख्या न सांगता मुलांना ते उमगे. मग मोदकांची गोष्ट. तिच्यानंतर मी फळ्यावर न तोडता लिहीत असे: 'आईकडेदे'. काही मुले वाचीत, 'आईकडे दे.' एखादी मुलगी उठून म्हणे, 'बाई, आई, कडे दे!' आणि आपल्या हातातले कडे दाखवी. वर्गात हशा पिके. शब्द कुठे तोडावा आणि स्वल्पविराम कुठे द्यावा, हे त्या हशातून जे पक्के होई ते पुस्तकातल्या नियमांनी कधी झाले नाही.

वेताळाचे प्रश्नही कामी आले. चौघा भावांनी हाडांचा सिंह उभा केला आणि सिंहाने चौघांना खाल्ले, दोष कोणाचा? राजा म्हणतो, ज्याने प्राण घातले त्याचा. मुलांना मी म्हणे, राजाचे उत्तर पटत नसेल तर कारण लिहा. एरवी चार ओळींवर न जाणारी मुले पानभर लिहीत. उत्तर ठाऊक असून गप्प बसू नये, हा नियम तर मी वर्गालाच लावला होता.

निवृत्तीनंतर मंडळाच्या साक्षरता वर्गात मी याच गोष्टी मोठ्या बायकांना सांगू लागले. २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी बुवा-बाबांचे येणे सर्वस्वी थांबले आहे असे म्हणवत नाही. वर्गातल्या एका बाईंच्या घरी असाच एक बुवा आला. मंगळसूत्र मडक्यात घालून पुरा, सव्वा महिन्यात सोने दुप्पट होईल, असे त्याने सांगितले. सासूबाई तयार झाल्या होत्या. या बाई म्हणाल्या, 'महाराज, मला अडाणीला विधी येत नाही. आधी तुमची अंगठी पुरून दाखवा.' बुवाने चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ही हकीकत वर्गात सांगितली तेव्हा मी त्यांना फळ्याशी बोलावले. त्यांनी खडू घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर लावीत तीन वाक्ये लिहिली. 'बुवा आला. तो साधू दिसला. तो चोर होता.' 'साधू'तला धू त्यांनी ऱ्हस्व काढला होता. तो मी त्यांनाच दुरुस्त करायला सांगितला.