माफियाशी सोयरीक : हसण्यामागचा इतिहास

गुन्हेगारीचा इतिहास आपण एरवी खून, खटले आणि टोळीयुद्धं यांतून पाहतो. आज तो जरा लग्नाच्या मांडवातून पाहू या. निमित्त आहे १९९९ सालच्या ‘मिकी ब्लू आइज’ या विनोदी प्रेमपटाचं.

गोष्ट साधी आहे. न्यूयॉर्कमध्ये लिलावाचं काम करणारा एक सभ्य इंग्रज, म्हणजे ह्यू ग्रँट, जीनाला लग्नाची मागणी घालतो. प्रेम असूनही ती नकार देते. का? तर तिचं घराणं माफियाचं आहे, आणि हा माणूस त्यात ओढला जाईल अशी तिला भीती वाटते. आणि तसंच होतं, बरं का! एक छोटासा उपकार स्वीकारला जातो आणि पुढे त्याच्याच लिलावगृहात सुमार चित्रं भारी बोलीला विकून काळा पैसा पांढरा होऊ लागतो.

आता ही नुसती पटकथाकाराची कल्पना आहे का? नाही. अमेरिकन माफियात सोयरीक हे राजकारणच होतं. १९५६ साली न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर हॉटेलात जोसेफ बोनानोचा मुलगा आणि जोसेफ प्रोफाचीची पुतणी यांचं थाटात लग्न झालं. दोन टोळ्यांचे प्रमुख एकमेकांचे सोयरे झाले. प्रोफाचीने आपल्या दोन मुली डेट्रॉइटच्या टोको आणि झेरिली घराण्यांत दिल्या होत्या. आपल्याकडच्या राजघराण्यांच्या सोयरिकी आठवा, हिशोब तोच. नात्यातला माणूस सहसा पोलिसांकडे जाणार नाही, हा त्यामागचा भरवसा.

‘गॉडफादर’ची सुरुवात मुलीच्या लग्नाने होते, हे आपल्याला आठवत असेल. बाहेर नाचगाणं चाललंय आणि आत डॉन लोकांची गाऱ्हाणी ऐकतोय. त्या १९७२च्या चित्रपटात सनी झालेला जेम्स कान इथे जीनाचा बाप आहे. तेव्हा ज्याची धास्ती वाटायची, त्यालाच पाहून २७ वर्षांनी लोक हसू लागले.

हे कसं घडलं? आमच्या मते, मधल्या काळात भीती ओसरली. १९७० साली ‘रिको’ कायदा आला. एकेका गुन्ह्यापलीकडे जाऊन संपूर्ण टोळीवरच खटला भरता येऊ लागला. १९८६ साली न्यूयॉर्कच्या टोळ्यांचे बडे म्होरके दोषी ठरले. १९९२ साली जॉन गॉटीला जन्मठेप झाली, तीही त्याच्याच उजव्या हाताच्या, ग्रॅव्हॅनोच्या, साक्षीवरून. मौनाची शपथ मोडली, दरारा गेला, आणि मग डॉन विनोदाचा विषय झाला.

पण मंडळी, हसताना एक गोष्ट निसटते. ज्या दुकानदारांनी हप्ते भरले, ज्यांची माणसं गेली, ती या चित्रपटात जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून आम्हाला यातला सगळ्यात खरा क्षण वाटतो तो जीनाच्या नकाराचा. तिला ठाऊक आहे की या घरात बंदूक नंतर येते. आधी येतो तो उपकार, आणि त्याची परतफेड कधी संपत नाही.