दंडादंडांवरून आलेली लस

देवीच्या लसीचे कूळ शोधत गेलो की आपण प्रयोगशाळेत पोहोचत नाही, लहान मुलांच्या दंडांपाशी पोहोचतो.

लसीच्या आधी माणसाच्या देवीचेच बीज टोचण्याची रीत होती. चीनमध्ये वाळलेल्या खपल्यांची पूड नाकात फुंकत, बंगालमध्ये टीकादार फोडातला पू कातडीत घालत. सौम्य देवी येऊन जात आणि माणूस बहुधा जन्मभरासाठी सुटे. तुर्कस्तानात ही रीत पाहून इंग्रज राजदूताची पत्नी मेरी वर्टली माँटेग्यू हिने १७१८ मध्ये आपल्या मुलाला टोचून घेतले. बॉस्टनमध्ये ओनेसिमस या गुलामाने आफ्रिकेत स्वतःला झालेली टोचणी मालकाला सांगितली आणि १७२१ च्या साथीत ती तिथे वापरली गेली. पण टोचलेल्यांपैकी काही दगावत आणि त्यांच्यापासून इतरांना देवीची लागण होई.

१४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नरने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. गवळणीला झाल्या होत्या त्या गाईच्या देवी. पुढे फिप्सला माणसाच्या देवीचे बीज टोचले, तरी त्याला देवी आल्या नाहीत.

आता प्रश्न होता तो ही लस दूर न्यायची कशी. दोऱ्याला माखून किंवा काचपट्ट्यांमध्ये सुकवून ती युरोपात फिरली, पण हिंदुस्थानापर्यंतच्या लांब, उष्ण प्रवासात निकामी होई. तिला भरवशाचा आसरा एकच, माणसाचे अंग, आणि तोही आठ-दहा दिवसांचा. आठव्या दिवसाच्या सुमारास फोड भरला की त्यातली लस लगेच पुढच्याला टोचायची, नाहीतर साखळी तुटली. ज्याला देवी येऊन गेल्या त्याच्या अंगी ती धरत नसे, म्हणून मुलेच लागत.

व्हिएन्नाच्या ज्याँ द कारो या वैद्याने पाठवलेली लस बगदादला जिवंत पोहोचली. तिथून बसरा आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या अंगी ती धरली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी लस. ॲनाच्या दंडावरून ती मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचली गेली आणि तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास, सिलोन अशी पसरली.

स्पेनने हीच युक्ती महासागरापार नेली. नोव्हेंबर १८०३ मध्ये फ्रान्सिस्को बाल्मिस २२ मुलगे घेऊन ला कोरुन्याहून निघाला. सोबत त्यांची काळजी घ्यायला इसाबेल सेन्दाल होती. एका वेळी दोघांना टोचायचे, म्हणजे एकाची लस धरली नाही तरी दुसऱ्याची उरे. पुढे मेक्सिकोतली २६ मुले ती फिलिपिन्सला घेऊन गेली.

या पद्धतीने एकाच्या अंगातले दुसरे रोगही पुढे जात. इटलीत रिव्हाल्टा येथे १८६१ मध्ये लसीबरोबर अनेक मुलांना उपदंश झाला. हळूहळू वासरांच्या कातडीवर लस वाढवू लागले आणि १८९८ मध्ये ब्रिटनने दंडावरून दंडावर टोचणे बंद केले. १९५० च्या दशकात लेस्ली कॉलियरने गोठवून सुकवलेली, उन्हाळ्यातही टिकणारी लस मोठ्या प्रमाणावर बनवण्याची रीत बसवली. आता खेडोपाडी पोहोचायला कुणाच्या दंडाची गरज उरली नाही. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

बाल्मिसची २२ मुले अनाथालयांतली होती. क्युबातून त्याने पुढच्या प्रवासासाठी गुलाम मुली घेतल्या. ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नव्हते, त्यांच्याच अंगावरून ही लस जगभर गेली. मुलांच्या संमतीविषयी आज वैद्यकात जे नियम पाळले जातात, त्यांची गरज याच इतिहासातून सर्वांत स्पष्ट दिसते. म्हणून जेन्नरचे नाव घेताना या मुलांचाही उल्लेख व्हावा, आणि त्यांच्यावर ओझे कुणी लादले हेही सांगितले जावे.