लेझर की शस्त्रक्रिया? आधी विचारा, तुलना कशाशी?

मागच्या वर्षी मावशीचा फोन आला. "तू ते लेझरचंच करतेस ना गं? मग सांग, हिरड्यांचं ऑपरेशन करू की लेझर?" माझी एमएस्सी भौतिकशास्त्रात, पीएचडी लेझर आणि पदार्थ या विषयात. मी एका क्षणात म्हटलं, "लेझरच कर, त्यात काय विचारायचं!" फोन ठेवला आणि वाटलं, आपण हे कशाच्या आधारावर बोललो? एकही पेपर न वाचता? मग वाचायला बसले. त्या वाचनातून हाती आलेला इतिहास आज तुम्हाला सांगते. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाला तो उपयोगी पडेल.

आधी आजार समजून घेऊ. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर असतो. तिथून निघालेले तंतू हाडात रुतलेले असतात आणि त्यांच्यावर दात तोललेला असतो. हिरडीखाली जंतूंचा थर आणि कीटण साचलं की सूज येते, तंतू तुटतात, हाड झिजतं आणि दात व हिरडी यांच्यामध्ये खोल फट तयार होते. हिला पॉकेट म्हणतात. निरोगी माणसात ही फट साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. आपल्याकडे लोक या आजाराला पायोरिया म्हणतात.

खरवडणारे आणि कापणारे

अमेरिकेतल्या हार्टफर्डचे दंतवैद्य जॉन रिग्ज यांनी १८७६ मध्ये या आजारावर लिहिलं. (१८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड देऊन होरेस वेल्स यांचा दात काढणारे ते हेच.) त्यांचं म्हणणं साधं होतं: मुळावरचं कीटण नीट खरवडून काढा, हिरडी कापू नका. या आजाराला बराच काळ 'रिग्जचा आजार' असंच नाव होतं.

दुसरी बाजू कापणाऱ्यांची. स्वीडनच्या लिओनार्ड विडमन यांनी १९१८ मध्ये हिरडीचा पडदा उचलून मुळं उघडी करून साफ करण्याची पद्धत मांडली. रामफ्योर्ड आणि निसल यांनी १९७४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती दिली. आज आपण जिला फ्लॅप सर्जरी म्हणतो, ती याच घराण्यातली. म्हणजे लेझर येण्याच्या कितीतरी आधीपासून 'कापायचं की नाही' हा वाद चालू होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लेझर तोंडात कसा आला

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवला, तो रुबीचा. पाच वर्षांत तो दातापर्यंत पोचला. १९६५ मध्ये सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी त्याचे दोन झोत एका जिवंत दातावर मारले. दात त्यांच्या भावाचा, आणि भाऊ स्वतः दंतवैद्य! वेदना झाली नाही, वरच्या थराला थोडी इजा झाली. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की या उष्णतेने दाताच्या आतल्या मऊ भागाचं नुकसान होऊ शकतं. उत्साह ओसरला.

इथे भौतिकशास्त्र कामाला आलं. १९६४ मध्ये बेल लॅब्जमधून दोन लेझर निघाले. एक कार्बन डायऑक्साइडचा, तो बनवणारे कुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ मध्ये पदवी घेतलेले. दुसरा एनडी-याग. पटेलांच्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. हा प्रकाश पाण्यात लगेच शोषला जातो, त्यामुळे मऊ ऊती तो छान कापतो. पण साध्या क्वार्ट्झच्या तंतूतून तो जात नाही. एनडी-यागचा १.०६४ मायक्रोमीटरचा प्रकाश मात्र बारीक तंतूतून जातो, आणि असा तंतू पॉकेटमध्ये शिरतो. शिवाय हा प्रकाश पाण्यापेक्षा रंगद्रव्यं आणि रक्त यांत जास्त शोषला जातो.

१९९० मध्ये अमेरिकेत खास दंतवैद्यांसाठीचा एनडी-याग लेझर बाजारात आला, त्यामागे मिशिगनचे दंतवैद्य टेरी मायर्स होते. त्याच दशकात कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट ग्रेग आणि डेलविन मॅकार्थी या दोन दंतवैद्यांनी 'लॅनॅप' ही पद्धत बसवली. आधी लेझरने पॉकेटचं आतलं आजारी अस्तर काढायचं. मग अल्ट्रासॉनिक यंत्राने मूळ साफ करायचं. शेवटी पुन्हा लेझर फिरवून रक्ताची गुठळी करून फट बंद करायची. ना ब्लेड, ना टाके. पण बघा, 'लेझर उपचार' म्हटलं तरी मधली पायरी रिग्जचीच आहे.

२००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याला परवानगी दिली. जाहिरातीत हे वाक्य फार वजनदार वाटतं. मात्र उपकरणांना साधारणपणे ज्या मार्गाने ही परवानगी मिळते, त्यात मुख्य प्रश्न 'आधीपासून बाजारात असलेल्या उपकरणाच्या तोडीचं आहे का' हा असतो. 'शस्त्रक्रियेपेक्षा सरस आहे का' हे त्यात विचारलेलंच नसतं.

सहा जोड्या

आता खरी गोष्ट. पॉकेट उथळ झालं म्हणजे दात पुन्हा जोडला गेला का? १९७६ मध्ये मेल्चर यांनी मांडलं की स्वच्छ झालेल्या मुळाशी कोणत्या पेशी आधी पोचतात, त्यावर जोडणीचा प्रकार ठरतो. हिरडीच्या अस्तराच्या पेशी सगळ्यात चपळ. त्या आधी पोचल्या तर मुळाला नुसतं अस्तर चिकटून बसतं, तंतू रुजत नाहीत. मोजपट्टीला दोन्ही सारखंच दिसतं! फरक कळतो तो फक्त सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे दात आसपासच्या ऊतींसकट काढल्यावर.

हे करून दाखवलं रेमंड युकना यांनी. त्याच १९७६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ब्लेडने पॉकेटचं अस्तर काढून टाकण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. २००७ मध्ये त्यांनी लेझर तपासला. दातांच्या ६ जोड्या घेतल्या. सगळे दात खरवडून साफ केले, प्रत्येक जोडीतल्या एकाला वर लेझरही दिला आणि ३ महिन्यांनी सगळे काढून पाहिले. लेझरच्या सहाही दातांवर नवं सिमेंटम आणि नवे तंतू होते. दुसऱ्या गटातल्या पाच दातांवर नुसतं अस्तर. २०१२ मध्ये नेव्हिन्स आणि सहकाऱ्यांनी लॅनॅप केलेले १० दात तपासले: पाचांत काही प्रमाणात पुनर्निर्मिती, एकात नवी जोडणी, चारांत नुसतं अस्तर.

प्रभावी आहे, नाही का? मलाही वाटलं. मग मावशीचा प्रश्न आठवला. ती विचारत होती, ऑपरेशन की लेझर. २००७ च्या कंट्रोल गटात ऑपरेशन कुठे होतं? तिथे होतं फक्त खरवडणं. २०१२ मध्ये तर तुलनेचा गटच नव्हता. 'शस्त्रक्रियेला पर्याय' असं म्हणायचं असेल तर समोर शस्त्रक्रिया उभी करायला हवी.

आणि शस्त्रक्रिया तरी खरवडण्याच्या किती पुढे आहे? १९८७ मध्ये रामफ्योर्ड आणि सहकाऱ्यांनी चार पद्धतींची ५ वर्षांची तुलना छापली. ७ मिलिमीटर आणि त्याहून खोल पॉकेटमध्येही जोडणीच्या पातळीत चौघींत संख्याशास्त्रीय फरक आढळला नाही. सुधारित फ्लॅप ज्यांनी मांडला, त्यांच्यापैकीच एकाने हे छापलं! अशी प्रामाणिकता आपल्याला जमावी. पुढे २००६ मध्ये चार्ल्स कॉब यांनी लेझरवरचे पेपर एकत्र पाहिले तेव्हा अडचण दिसली ती हीच: तरंगलांबी वेगळी, ऊर्जेची मात्रा वेगळी, तुलना वेगळी. ठाम निष्कर्षापुरता पुरावा नव्हता.

म्हणून तुम्हाला सांगते, सिनॉप्सिसमध्ये 'अमुक पद्धत प्रभावी आहे' असं लिहिलंत की तिथेच थांबा आणि तीन गोष्टी लिहा. कशाच्या तुलनेत? काय मोजून? किती काळानंतर? या तीन रकान्यांचा तक्ता करा आणि प्रत्येक पेपर त्यात बसवा. लिटरेचर रिव्ह्यूचं अर्धं काम तिथेच होतं, आणि व्हायवात हाच प्रश्न येतो.

मावशीला मी परत फोन केला आणि आधीचा सल्ला मागे घेतला. तेच तीन प्रश्न तिने कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले आणि डॉक्टरांना विचारले. त्यांनी आधी नीट स्केलिंग आणि रूट प्लेनिंग करून काही आठवड्यांनी पुन्हा मोजायचं ठरवलं, उरलेल्या दातांचं नंतर बघू म्हणाले. मावशी मला म्हणाली, "म्हणजे तुझ्या लेझरवाल्यांनाही अजून नक्की माहीत नाही तर!" मी म्हटलं, "हो गं, म्हणून तर आम्हाला काम आहे."