नद्यांचीं नांवें आणि माणसांचीं आडनांवें

जेत्यास मुलूख जिंकतां येतो. नदीचें नांव मात्र त्यास सहसा पुसतां येत नाहीं. युरोपांतील नद्या याची साक्ष देतात. इंग्लंडांत एव्हन नांवाच्या अनेक नद्या आहेत. शेक्सपिअरचें जन्मगांव त्यांपैकींच एकीच्या तीरावर वसलेलें आहे. वेल्श भाषेंत 'आव्हॉन' म्हणजे नदी. पांचव्या शतकापासून तेथें आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनीं मूळच्या रहिवाशांचें हें सामान्यनाम विशेषनाम म्हणून उचललें. म्हणून 'रिव्हर एव्हन' म्हणणारा इंग्रज खरें पाहतां 'नदी-नदी' असेंच म्हणत असतो!

पूर्वेकडील डॉन, नीपर, नीस्टर या नांवांत 'दानु' हा नदीवाचक इराणी शब्द दडलेला आहे, असें भाषापंडित मानतात. अवेस्तेंत तो आढळतो. ऋग्वेदांतील 'दानु' हा त्याचाच सगोत्र होय. डॅन्यूबचें नांवही त्याच मुळाशीं जोडलें जातें. काळ्या समुद्राच्या उत्तरेस घोडे दौडविणारे शक केव्हांच लोपले. परंतु कॉकेशसमधील ओसेत लोक त्याच कुळांतील भाषेंत पाण्याला आजही 'दॉन' म्हणतात.

आडनांवांची कथा निराळी आहे. मध्ययुगांत व्यवसाय, बाप किंवा गांव यांवरून तीं रूढ होत गेलीं. लोहार इंग्लंडांत स्मिथ झाला, जर्मनींत श्मिट, रशियांत कुझनेत्सोव्ह आणि हंगेरींत कोव्हाच. पुढें करवसुली व लष्करभरती यांसाठीं सरकारांना कायमचीं आडनांवें हवीं झालीं. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ यानें १७८७ सालीं ज्यू प्रजेस जर्मन आडनांवें घेण्यास फर्माविलें. १८११ सालीं नेपोलियननें हॉलंडांत आडनांवांची सक्ती केली.

देणारी सत्ता हिरावूनही घेते. आल्प्स पर्वतांतून उतरून एड्रियाटिक समुद्रास मिळणाऱ्या सोचा नदीचें खोरें पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेलें. आडनांवें इटालियन करण्याचा १९२६ चा हुकूम १९२७ सालीं या सीमाप्रांतास लागू झाला, आणि स्लोव्हेन 'व्होदोपिव्हेत्स'चा 'बेव्हिलाक्वा' बनला. दोहोंचा अर्थ एकच, पाणी पिणारा. परंतु पहिल्यांत वाडवडिलांची भाषा होती.

आणि नदी? स्लोव्हेन 'सोचा' व इटालियन 'इसोन्झो' हीं दोन्ही रोमन काळच्या 'सोंटियस' या नांवाचींच रूपें होत. दप्तरांत लेखणीच्या एका फटकाऱ्यानें माणसाचें नांव बदललें. नदी मात्र दोघांच्याही तोंडीं आपलें जुनेंच नांव वागवीत वाहत राहिली.