न खपलेल्या तबकड्यांचे वारस

संगीतांतील परंपरा म्हटली कीं महाराष्ट्रांतील रसिकापुढें घराणें उभें राहतें. गुरूसमोर बसावें, वर्षानुवर्षें मेहनत करावी आणि त्यांची अनुज्ञा मिळाल्यावर मैफलींत गावें, असा तो क्रम. अमेरिकेंतील रॉक संगीतांत हा क्रम आढळत नाहीं. तेथें बहुतेकांचा गुरु म्हणजे ध्वनिमुद्रिका आणि शिष्य म्हणजे एकलव्य. जॉर्जिया राज्यांतील अथेन्स या विद्यापीठाच्या गांवीं १९८० सालीं जन्मास आलेल्या 'आर. ई. एम.' या चौघांच्या वृंदाचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे. कारण त्यांनीं ज्यांस गुरुस्थानीं मानिलें, त्यांपैकीं कित्येकांच्या तबकड्या बाजारांत पडून राहिल्या होत्या.

वृंदाचा गिटारवादक पीटर बक हा अथेन्समधील 'वक्स्ट्री' या तबकड्यांच्या दुकानांत नोकरीस होता. आल्यागेल्या तबकड्या ऐकणें हीच त्याची शाळा. मनास आलेली तबकडी तो स्वतःसाठीं बाजूस ठेवी. आणि कलाशाखेचा एक विद्यार्थी नेमकी तीच विकत घेण्यास येई. तो विद्यार्थी म्हणजे मायकेल स्टाइप. त्यानें १९७५ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, पॅटी स्मिथ या कवयित्रीची 'हॉर्सेस' ही ध्वनिमुद्रिका ऐकली होती आणि तेव्हांच आपणही गावें असें त्याच्या मनानें घेतलें होतें. दोघांची मैत्री जमली ती अशी, आवडींच्या मेळांतून. मेकन येथील शाळेपासूनचे सोबती माइक मिल्स व बिल बेरी हे पुढें त्यांस येऊन मिळाले. ५ एप्रिल १९८० रोजीं, एका मैत्रिणीच्या वाढदिवसानिमित्त, वापरांतून गेलेल्या एका चर्चमध्यें या चौघांनीं प्रथम वाद्यें हातीं धरून लोकांपुढें गाइलें.

त्यांच्या आवडीचे पूर्वज कोण? पहिला मान न्यूयॉर्कच्या 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या वृंदाचा. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ सालीं निघाली, पण तिला गिऱ्हाईक फारसें मिळालें नाहीं. दुसरा मान मेम्फिसच्या 'बिग स्टार'चा. ॲलेक्स चिल्टन व ख्रिस बेल यांनीं १९७२ सालीं काढलेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेची समीक्षकांनीं वाखाणणी केली. परंतु वितरणाची व्यवस्था इतकी ढिसाळ कीं मागणी असूनही दुकानांत माल पोंचेना. बेल मनानें खचला, वृंद सोडून गेला, आणि डिसेंबर १९७८ मध्यें, अवघ्या सत्तावीस वर्षांचा असतांना, मोटार-अपघातांत मरण पावला. आपल्या गाण्यांस वारस मिळणार आहेत, हें त्यास अखेरपर्यंत कळलें नाहीं.

समीक्षकांस बकच्या वादनांत आणखी एक नातें ऐकूं आलें, तें 'बर्ड्स' या वृंदाचें. तारा एकदम न झोडपतां एकेक सूर सुटा करून वाजविण्याची बकची रीत त्यांस बर्ड्सच्या रॉजर मॅग्विनची आठवण करून देई. या नात्याचा धागा मागें मागें न्यावा तितका लांबत जातो. मॅग्विननें बारा तारांची गिटार उचलली ती बीटल्सचा १९६४ चा चित्रपट पाहून; आणि बर्ड्सच्या १९६६ सालच्या 'एट माइल्स हाय' या गीतावर जॉन कोल्ट्रेन यांच्या सॅक्सोफोनची व पंडित रविशंकर यांच्या सतारीची छाया आहे. प्रभाव हा असा हातोहात फिरतो आणि फिरतांना रूप पालटतो.

आर. ई. एम. नें या ठेव्याची नक्कल केली नाहीं. 'रेडिओ फ्री युरोप' ही त्यांची पहिली छोटी तबकडी १९८१ सालीं एका लहानशा स्वतंत्र कंपनीनें काढली. बड्या कंपन्यांच्या आश्रयावांचून चालणाऱ्या या पंथासच पुढें 'इंडी' हें नांव रूढ झालें. विद्यार्थ्यांनीं चालविलेल्या विद्यापीठीय नभोवाणी केंद्रांनीं या वृंदाचीं गीतें उचलून धरलीं. १९८३ च्या 'मर्मर' या पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेंत त्यांचा स्वतःचा बाज स्पष्ट झाला. स्टाइपचे शब्द धुक्यांतून यावे तसे अस्पष्ट, गिटार मोकळी, मिल्सचा खर्ज नुसता ताल न धरतां स्वतंत्र चाल गाणारा. त्या काळीं विद्युत्-सुरांच्या कृत्रिम यंत्रांची चलती होती. तिच्या आहारीं ते गेले नाहींत. १९९१ सालीं तर बक मँडोलिन शिकत असतांना सुचलेल्या चालीवर उभें राहिलेलें 'लूझिंग माय रिलिजन' हें गीत जगभर गाजलें.

एकलव्याच्या कथेंत गुरुदक्षिणा येते. ती या कथेंतही आहे, परंतु अंगठा तोडून दिलेली नव्हे. आपल्या तबकड्यांच्या दुसऱ्या बाजूस त्यांनीं व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचीं तीन गीतें स्वतः गाऊन घातलीं. हीं १९८७ सालीं 'डेड लेटर ऑफिस' या संग्रहांत एकत्र आलीं. या वृंदाच्या नादानें आलेल्या तरुण श्रोत्यांस मूळ गायकांचीं नांवें कळलीं आणि ते जुन्या तबकड्या शोधूं लागले. आणि जिच्या आवाजानें पंधरा वर्षांच्या मुलास जागें केलें, त्या पॅटी स्मिथनें १९९६ सालीं 'ई-बो द लेटर' या गीतांत त्याच मुलाच्या स्वरास आपला स्वर दिला.

प्रकृतीच्या कारणानंतर बेरी १९९७ मध्यें निवृत्त झाला. उरलेल्या तिघांनीं २१ सप्टेंबर २०११ रोजीं वृंद विसर्जित केला. बाजाराचा हिशेब वर्षअखेरीस मिटतो. संगीताचा हिशेब तसा मिटत नाहीं. दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलेली एखादी तबकडी एखादा नोकर कुतूहलानें लावून पाहतो, आणि ज्याचा जमाखर्च केव्हांच संपला असें सर्वांनीं मानलें होतें, त्याच्या खात्यावर नवी रक्कम जमा होते. ख्रिस बेलच्या खात्यावर ती जमा झाली. मात्र पावती घेण्यास तो उरला नव्हता.