सेनेकाची हनुवटी

ज्याचा ताळेबंद जुळत नाही तो शेवटी तत्त्वज्ञानाकडे वळतो, असं आमचे अकाउंटन्सीचे सर म्हणत. माझा कसाबसा जुळला आणि मी बँकेला चिकटलो. त्यामुळे तत्त्वज्ञांशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण परवा मेहुणे एका लिलावाचा कॅटलॉग घेऊन आले. त्यात एका म्हाताऱ्याचं संगमरवरी मुंडकं विक्रीला होतं. खप्पड गाल, विस्कटलेली दाढी, कपाळावर आलेल्या बटा. खाली लिहिलं होतं : 'तत्त्वज्ञ. इटालियन, अठरावं शतक. प्राचीन शिल्पावरून.'

"भावजी, चेहरा बघा," मेहुणे म्हणाले, "याला म्हणतात विचारवंत!"

मी चेहऱ्याखालची किंमत पाहिली आणि क्षणभर मीही विचारवंत झालो.

'प्राचीन शिल्पावरून' याचा आमच्या भाषेत अर्थ 'ट्रू कॉपी'. आता ट्रू कॉपी म्हटली की आम्ही पहिला प्रश्न विचारतो : ओरिजिनल कुठाय आणि सही कुणाची? म्हणून जरा वाचून काढलं, आणि मंडळी, निघालं ते असं.

हा चेहरा 'सेनेका' म्हणून युरोपभर खपला. सेनेका म्हणजे नीरो बादशहाचा गुरू. इ. स. ६५ मध्ये शिष्याने हुकूम सोडला आणि गुरुजींनी स्वतःच्या शिरा कापून घेतल्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फुल्व्हियो ओर्सिनी या रोममधल्या विद्वानाने या खप्पड म्हाताऱ्याला सेनेका ठरवलं. झालं! एवढ्या मोठ्या माणसाने अटेस्ट केल्यावर कोण विचारतो? रूबेन्ससारख्या चित्रकाराने १६०८ मध्ये इटलीहून परतताना असलाच एक मुखवटा घरी आणला, आणि पुढे 'चार तत्त्वज्ञ' या चित्रात कोनाड्यात त्याची स्थापनाही केली. ते चित्र आजही फ्लॉरेन्सला आहे.

अठराव्या शतकात इंग्रज जमीनदारांची पोरं इटलीच्या यात्रेला निघाली. परतताना दिवाणखान्यासाठी एखादा तत्त्वज्ञ न्यायचाच, अशी पद्धत. गिऱ्हाईक आलं की माल येतोच. रोममध्ये टॉमस जेंकिन्स नावाचा इंग्रज होता. मूळचा चित्रकार, पुढे जुन्या मूर्तींचा दलाल, आणि (हे वाचून माझी मान ताठ झाली) शिवाय बँकर! मूर्ती विकताना तो म्हणे विरहाने रडायचा. आमच्याकडे कर्ज देताना रडणारा अधिकारी अजून निपजलेला नाही. त्या काळी रोममध्ये राहिलेला नॉलेकन्स हा शिल्पकार तर मोडके तुकडे जोडून, तंबाखूच्या पाण्याने डागाळून जुने म्हणून विकी. आमचे हेडक्लार्क गेली तीस वर्षं जिन्याचा कोपरा तंबाखूने प्राचीन करताहेत. त्यांना अद्याप कुणी विचारलेलं नाही.

मग आलं १८१३ साल. रोममध्ये एक जोडमूर्ती सापडली : एका बाजूला सॉक्रेटिस, पाठीला पाठ लावून दुसरा गृहस्थ. दोघांचीही नावं कोरलेली. दुसऱ्याच्या छातीवर स्वच्छ अक्षरांत 'सेनेका'. आणि चेहरा? टक्कल, दाढीमिशी साफ, गुबगुबीत गाल, दुहेरी हनुवटी! थेट आमचे झोनल मॅनेजर. ही मूर्ती आता बर्लिनमध्ये आहे. तो खप्पड म्हातारा बहुधा ग्रीक कवी हेसिऑड असावा, असं आता काहींचं म्हणणं आहे. विद्वान त्याला 'नकली सेनेका' म्हणतात.

खरं तर शंका आधीच यायला हवी होती. साधेपणावर पानंच्या पानं लिहिणारा हा माणूस रोममधल्या गडगंज श्रीमंतांपैकी होता. चार वर्षांत तीस कोटी सेस्टर्स कसे जमवले, असा जाब त्याच्या शत्रूने विचारल्याचं टॅसिटस सांगतो. दीडशे वर्षांनी लिहिणारा डिओ तर म्हणतो की, सेनेकाने ब्रिटनमधल्या लोकांना चार कोटी कर्ज दिलं आणि ते एकदम, जबरदस्तीने परत मागितलं, इ. स. ६०-६१ च्या सुमारास राणी बुडिका पेटून उठली त्याचं हेही एक कारण. वसुलीची नोटीस पाठवताना तेव्हापासून माझा हात जरा कापतो.

तरीही लोकांना पाहिजे तो खप्पडच. तत्त्वज्ञ म्हटला की तो उपाशी दिसला पाहिजे!

मेहुण्यांना हे सांगून मी विजयी मुद्रेने भिंतीकडे पाहिलं आणि गप्प झालो. भिंतीवर आमचे अण्णा आहेत. अण्णा शाळामास्तर, गोलमटोल, हसले की पोट आधी हसायचं. २०११ मध्ये ते गेले. तेव्हा शाळेच्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा मोठा करायला दिला. स्टुडिओवाल्याने संगणकावर हनुवटी कापली, गाल आत घेतले, अंगात कोट घातला. आयुष्यात अण्णांनी कोट घातला नाही. आई फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "नाव बरोबर आहे ना? मग असू दे." आणि तिने हार घातला.

माझी मुलं त्या कोटवाल्याला भिऊन वागतात. आजोबा फार कडक होते, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. आणि मी ओर्सिनीला हसत होतो!

मेहुणे गेल्यावर मी कपाटातून अण्णांची वही काढली. त्यांच्या पश्चात सापडली होती. आत हातउसन्यांची यादी : कुणाला वीस, कुणाला पन्नास, एका विद्यार्थ्याला परीक्षा फीचे पस्तीस. जमेची बाजू जवळजवळ कोरी. बँकेच्या हिशेबाने सगळी बुडीत खाती. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात : 'मागू नये.'

मुलांना बोलावलं आणि वही वाचून दाखवली. धाकटी फोटोकडे बघून म्हणाली, "मग ते कोण आहेत?"

"ट्रू कॉपी," मी म्हणालो. "ओरिजिनल जाड होतं."