गर्भाशयात नेलेला दिवा

मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत ‘पिशवी काढली’ असे कुणी म्हटले, की पुढचे सांगावे लागत नाही. पिशवी म्हणजे गर्भपिशवी, गर्भाशय. तिशी-पस्तिशीतल्या बायकांच्या तोंडूनही हे शब्द ऐकू येतात. अशा वेळी एक साधा प्रश्न पडतो : काढण्यापूर्वी ती पिशवी आतून कुणी पाहिली होती का? हा प्रश्न आज विचारता येतो, कारण गर्भाशयात दिवा नेऊन आत पाहण्याची सोय आता उपलब्ध आहे. तिला हिस्टेरोस्कोपी म्हणतात; बोलीभाषेत ‘दुर्बिणीची तपासणी’. ही सोय नीट हाती यायला पावणेदोनशे वर्षे लागली. ती का लागली, हे पाहण्यासारखे आहे.

जर्मनीतील फ्रँकफुर्टचे डॉक्टर फिलिप बोझिनी यांनी १८०६ च्या सुमारास एक उपकरण तयार केले. डब्यात मेणबत्ती, तिच्यामागे आरसा आणि पुढे नळी. उजेड नळीतून शरीरातल्या पोकळीत जाई आणि डॉक्टर आत पाही. व्हिएन्नातील वैद्यक पंडितांना हे रुचले नाही. बोझिनी १८०९ मध्ये वारले, पण कल्पना टिकली. पुढे फ्रान्समध्ये देसोर्मो यांनी मेणबत्तीच्या जागी दिव्याची ज्योत आणि भिंग वापरले. त्या धर्तीच्या नळीने १८६९ मध्ये पँटालिओनी यांनी साठ वर्षांच्या एका स्त्रीचे गर्भाशय आतून पाहिले. पाळी बंद झाल्यानंतरही तिच्या अंगावरून रक्त जात होते. आत पॉलिप, म्हणजे अस्तरावरची मांसल वाढ, दिसली. सिल्व्हर नायट्रेट लावून त्यांनी ती जाळली. रोग पाहायचा आणि त्याच वाटेने उपचार करायचा, हे हिस्टेरोस्कोपीचे तत्त्व त्या दिवशीच सिद्ध झाले होते.

मग पुढची शंभर वर्षे ही पद्धत रुजली का नाही? मूत्राशयाची दुर्बीण तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच प्रचारात आली होती. उत्तर गर्भाशयाच्या रचनेत आहे. मूत्राशय पाण्याने फुग्यासारखे फुगते. गर्भाशय मात्र जाड स्नायूंचे असते आणि त्याच्या पुढच्या व मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. दाब दिल्याशिवाय पोकळी उघडत नाही. दाब जास्त झाला, तर द्रव बीजवाहिन्यांतून पोटात उतरतो. आणि अस्तराला जरासा धक्का लागला, की रक्ताने सारे झाकोळते. रुबिन यांनी १९२५ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूने पोकळी फुगवून पाहिली. इतरांनी निरनिराळे द्रव वापरले. आता बहुधा मिठाचे निर्जंतुक पाणी, म्हणजे सलाइन, मोजून-मापून दाबाने सोडतात.

दुसरी अडचण उजेडाची होती. नळी बारीक केली की प्रतिमा अंधूक होई, आणि टोकाला बसवलेला बल्ब तापे. येथे भौतिकशास्त्र मदतीला आले. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखवले. तंतूत शिरलेला प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे कडांवर आपटत पुढे सरकतो. त्यामुळे तापणारा दिवा बाहेर ठेवून फक्त उजेड आत पाठवता येऊ लागला. १९५९ मध्ये हॉपकिन्स यांनी आणखी एक युक्ती केली. जुन्या दुर्बिणीत लांबच लांब हवा आणि मध्ये मध्ये लहान भिंगे असत. त्यांनी ही मांडणी उलटी केली : काचेचे लांब दांडे आणि त्यांच्यामध्ये हवेच्या लहान फटी. प्रतिमा कितीतरी पट उजळ झाली आणि काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण शक्य झाली. १९७६ मध्ये न्यूवर्थ यांनी मूत्रविकारतज्ज्ञांचे विजेवर चालणारे कापण्याचे उपकरण वापरून, पोटावर छेद न घेता, गर्भाशयाच्या पोकळीत वाढलेली फायब्रॉइडची गाठ काढल्याचे प्रसिद्ध केले.

याचा अर्थ काय? पूर्वी रक्तस्रावाचे कारण शोधायला ‘क्युरेटिंग’ करीत, म्हणजे न पाहता अस्तर खरवडत. त्यात एखादा पॉलिप हमखास निसटे. दुर्बिणीने तो दिसतो आणि काढताही येतो. पोकळीतली गाठ, जन्मजात पडदा, क्षयरोगानंतर चिकटलेल्या भिंती यांचेही तसेच. गर्भाशय जागच्या जागी राहते.

आता आपल्या विभागाकडे वळू. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे सुमारे १७ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही गट सारखे नाहीत, तरी फरक डोळ्यांत भरतो. फडावर नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, कंबरदुखी यांसाठी रजा कुठून मिळणार? मग ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सोपा वाटतो.

यातल्या अनेक तक्रारींना दुर्बीणही लागत नाही. पांढरे जाणे बहुधा जंतुसंसर्गाने होते आणि औषधांनी बरे होते. रक्तस्रावातही आधी तपासणी, सोनोग्राफी, औषधे, मग गरज पडल्यास दुर्बीण, हा क्रम असतो. कर्करोग किंवा फार मोठ्या गाठी असतील, तर गर्भाशय काढणे योग्यच ठरते. पण विनाकारण काढले आणि त्याबरोबर बीजकोशही गेले, तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना अमलात आणण्याचे आदेश राज्यांना दिले.

दिवाळीनंतर ज्यांच्या वर्गातली मुले आईबापांबरोबर फडावर जातात, त्या शिक्षकांना हे सारे परके नाही. पूर्ण आंतरिक परावर्तन शिकवताना पाण्याच्या धारेत टॉर्चचा उजेड वळताना दाखवा, आणि हाच उजेड डॉक्टर कुठे नेतात तेही सांगा. वर्गातल्या एखाद्या मुलीच्या घरी उद्या पिशवी काढण्याची गोष्ट निघाली, तर ‘आधी नीट तपासले का?’ एवढे तरी ती विचारील.